जुन्या गाडीचे डोळे

जुनी गाडी विकत का नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच घरात एका वाक्यात मिळत नाही. पेट्रोल जास्त लागते, सुटे भाग शोधावे लागतात, पावसाळ्यात दारातून पाणी झिरपते, हे सगळे सगळ्यांना मान्य असते. तरीही रविवारी सकाळी घरातले कुणीतरी बादली आणि फडके घेऊन तिच्यापाशी जातेच. शेजारी चौकशी करतात, घरचे हसतात आणि गाडी आणखी एक वर्ष दारात राहते.

आपल्याकडे अशी गाडी म्हणजे बहुतेक वेळा अॅम्बॅसडर, नाही तर फियाट. लोकांच्या तोंडी फियाट, कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, समोर दोन गोल दिवे आणि त्यांच्यामध्ये हसल्यासारखी दिसणारी जाळी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने कित्येक पिढ्या वाहिल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ही टॅक्सी दिसेनाशी झाली. खासगी गाड्या मात्र गावोगावच्या अंगणांत अजून आहेत.

अशीच एक पद्मिनी पुण्यातल्या एका घरी आहे. १९७९ सालची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आजोबा तिचे मालक. कालव्यांवर आणि धरणांवर नोकरी झाल्यामुळे हिशेबाला पक्के, बोलायला मोजके. वयाची पंचाहत्तरी ओलांडली तरी गाडी स्वतःच चालवायची, हा त्यांचा एकमेव हट्ट. घरात आजी, मुलगा, सून आणि बारावीला विज्ञान शाखेत शिकणारी नात.

डोळे कुणाचे?

पुतणीच्या लग्नात वरातीसाठी गाडी हवी म्हणून तिचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. मोतिया रंगात ती नव्यासारखी दिसू लागली. लग्नानंतर महिन्याभराने आजी-आजोबा वाईला नातेवाइकांकडे निघाले. निघायलाच उशीर झाला आणि खंबाटकी घाटात पोहोचेपर्यंत अंधार पडला. वर रिमझिम पाऊस. वायपर चालू केला तसे दिवे पिवळे पडले. एका वळणावर तर पुढचा रस्ता क्षणभर दिसेनासाच झाला. मागून ट्रक येत होता. आजोबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि पाऊस थांबेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. आजी काही बोलल्या नाहीत. परत येताना मात्र त्या म्हणाल्या, “अहो, आता पुरे. मी या गाडीत रात्रीची बसायची नाही.”

घरी आल्यावर आजोबांनी सांगितले, “दिवे मंद लागतात.” मुलाने संध्याकाळी अंगणात दिवे लावून पाहिले. भिंतीवर दोन गोल उजेड पडले. तो म्हणाला, “बाबा, दिवे लागतायत की! तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या.”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची घाई नव्हती, पण रात्री गाडी चालवताना जपा, असा सल्ला दिला. झाले! घरातल्या सगळ्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दोन महिन्यांवर आले होते. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावे लागते आणि त्या वेळी दिव्यांसकट सगळी तपासणी होते. २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ गाड्यांना वेगळी सवलत दिली आहे, पण त्यासाठी पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. या गाडीची अजून झाली नव्हती. “आता नूतनीकरण नकोच करू या,” मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. आजोबांना ते कळत होते, म्हणूनच त्यांना उत्तर सुचत नव्हते.

बारा व्होल्टचा चकवा

तरी त्यांनी जवळच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी जुनी म्हणून बदलली. फरक पडला नाही. मग दोन्ही बल्ब बदलले. दोन दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याने बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला आणि आकडा दाखवला. “साहेब, बघा, पुरे बारा व्होल्ट येतायत. वायरिंगमध्ये काही दोष नाही.”

म्हणजे दोष डोळ्यांतच. आजोबा काही न बोलता घरी आले.

नातीला मात्र ते पटेना. महिन्याभरापूर्वीच तिच्या वर्गात विद्युतप्रवाहाचा धडा झाला होता. तिने विचारले, “आजोबा, त्यांनी मोजलं तेव्हा बल्ब लावलेला होता का?”

“नाही. काढून मोजलं.”

“मग बारा येणारच. प्रवाहच नसेल तर मध्ये व्होल्टेज पडेल कसं?”

आजोबा क्षणभर थांबले आणि एकदम हसले. जन्मभर पाण्याचे काम केलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागला नाही. नळ बंद असतो तेव्हा गंजून अर्धवट बुजलेल्या पाइपातही दाब पुरेपूर दिसतो. नळ उघडला, पाणी वाहू लागले, की पाइपातला अडथळा कळतो आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. विजेचेही तसेच आहे. दिवा लागलेला असतानाच मोजले पाहिजे.

जुन्या गाडीच्या दिव्यांतले निम्मे चकवे या एका गोष्टीत आहेत. हल्लीचा हॅलोजन बल्ब ५५ ते ६० वॉटचा असतो. बारा व्होल्टवर तो साडेचार ते पाच अँपिअर प्रवाह घेतो. घरातल्या २३० व्होल्टवर तेवढ्याच वॉटच्या बल्बला पाव अँपिअर पुरते. प्रवाह इतका मोठा असल्यामुळे गाडीच्या वायरिंगमध्ये अर्ध्या ओहमपेक्षा कमी अडथळाही दीड-दोन व्होल्ट गिळून टाकतो. आणि तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर प्रकाश साधारण तीस टक्के कमी होतो. अंगणातल्या भिंतीवर हे कळत नाही. दिवा ‘लागलेला’ दिसतो. पावसात, काळ्या डांबरी रस्त्यावर, समोरून गाडी येत असताना ते कळते.

डोळे मिचकावणारा दिवा

रविवारी सकाळी आजोबा आणि नात कामाला लागले. साहित्य अगदी साधे. बाजारात मिळणारा स्वस्तातला मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा छोटा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, एक स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि वही.

मीटर लावण्याआधी त्यांनी नुसते पाहिले. नात समोर उभी राहिली, आजोबा आत बसून एकेक बटण दाबत गेले. तेव्हा एक गंमत दिसली. मोठे दिवे लावून डावा इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर शेजारचा पार्किंगचा छोटा दिवाही उघडझाप करू लागे आणि मोठ्या दिव्याचा उजेडही किंचित हले.

“आजोबा, हा डोळे मिचकावतोय!”

ही खूण फार मोलाची असते. एक दिवा लावल्यावर भलताच दिवा हलतो, तेव्हा दोघांचा परतीचा रस्ता खराब आहे असे समजावे. गाडीत प्रत्येक दिव्याला बॅटरीकडून येणारी एकच वायर असते. परत जायला वेगळी लांब वायर नसते. गाडीचा पत्राच ते काम करतो. बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने पत्र्याला जोडलेले असते आणि दिव्याचे दुसरे टोक जवळच्या एखाद्या स्क्रूने पत्र्याला. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तो स्क्रू गंजला, सैल झाला, की प्रवाहाला घरी जायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने जाऊ पाहतो आणि भलताच दिवा लुकलुकतो. मागच्या बाजूला ब्रेक दाबल्यावर टेललाइट मंद होते किंवा इंडिकेटर अडखळतो, त्याचेही कारण बहुतेक वेळा हेच.

आता मोजणी. इंजिन बंद, दिवे चालू. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. डाव्या दिव्याच्या दोन टोकांवर, दिवा लागलेला असताना, ९.८. म्हणजे वाटेत २.४ व्होल्ट हरवले. कुठे? मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावली. तिथे जेमतेम ०.१ किंवा ०.२ दिसायला हवे होते. दिसले १.५. उरलेले ०.९ येण्याच्या वाटेवर, म्हणजे स्विच आणि फ्यूज यांच्या बाजूला. नातीने वहीत बेरीज मांडली. १.५ अधिक ०.९ अधिक ९.८ बरोबर १२.२. हिशेब जुळला. एवढ्या कमी व्होल्टेजला दिव्याचा प्रकाश निम्म्यापेक्षाही कमी होतो.

अर्थचा स्क्रू काढला तेव्हा सगळा उलगडा झाला. त्याच्याखाली गंज नव्हता. होता तो सुंदर, चकचकीत, मोतिया रंग! रंगकाम करताना दिवे उतरवले, आतला पत्राही रंगवला आणि त्या जाड थरावरच स्क्रू पुन्हा आवळले. रंग वीज वाहून नेत नाही. स्क्रूच्या आट्यांमधून जेवढा तुटपुंजा स्पर्श होत होता, तेवढ्यावर दिवा कसाबसा जळत होता. ज्या लग्नासाठी गाडी नटली, त्याच नटण्याने तिचे डोळे गेले होते.

पॉलिश पेपरने तेवढ्या वर्तुळातला रंग घासून पत्रा उघडा केला, स्क्रू आवळला आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. दिव्यावर ११.१ व्होल्ट आले. उजव्या बाजूलाही तेच केले. मग मोर्चा फ्यूजकडे वळला.

फियाटच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत दोन्हीकडे निमुळते होत गेलेले फ्यूज असतात. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा. ते फक्त दोन पितळी पात्यांच्या दाबावर बसलेले असतात. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने त्या पात्यांवर काळपट-हिरवट थर चढतो. फ्यूज उडालेला नसतो, पण प्रवाहाची वाट अडवतो. आजोबांनी बॅटरीची ऋण वायर काढली, पाती घासली, थोडी आत दाबली, नवे फ्यूज बसवले. पुन्हा मीटर. ११.६.

दोष शोधण्याचा क्रम

या घरच्या अनुभवातून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एक क्रम लक्षात ठेवावा. सुट्या भागांवर खर्च करण्यापूर्वी तो उपयोगी पडतो.

एकच दिवा मंद असेल तर दोष त्या दिव्यापाशी शोधावा. बल्ब, होल्डर, अर्थ. दोन्ही मंद असतील तर दोघांना सामाईक असलेल्या वाटेवर शोधावा. बॅटरी, तिच्या दोन्ही टोकांच्या पकडी, इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी पट्टी, दिव्यांचा स्विच. रंगकाम झालेले असेल तर मात्र दोन्ही अर्थ एकदम बिघडलेले असू शकतात, तसे इथे झाले.

इंजिन जोरात फिरवल्यावर दिवे उजळत असतील तर चार्जिंग पाहावे. पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन थोडे वाढवून ठेवले की आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. जुना डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना फारसे देत नाही, त्यामुळे अशा गाड्यांत सिग्नलला थांबल्यावर दिवे थोडे उतरणे हा दोष नव्हे, स्वभाव आहे. या गाडीत पुढे कधीतरी ऑल्टरनेटर बसवलेला होता, तो ठीक निघाला.

अपर लागतो आणि डिपर लागत नाही, किंवा उलट, तेव्हा बल्बमधल्या दोन तारांपैकी एक तुटलेली असते, नाही तर डिपरचा स्विच झिजलेला असतो. मागच्या दिव्यातही एकाच बल्बात दोन तारा असतात, पाच वॉटची टेललाइटची आणि एकवीस वॉटची ब्रेकची. त्याच्या बुडाशी असलेल्या दोन पिना मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जोर लावून तसा बसवला की ब्रेकचा दिवा मंद आणि टेललाइट भडक, असा उफराटा प्रकार होतो.

पाऊस पडला की बिघडणारे आणि ऊन पडले की सुधारणारे दोष होल्डरात किंवा जोडांत असतात. खड्ड्यात गाडी आपटल्यावर दिवा येत-जात असेल तर सैल जोड. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहावे. उभ्या राहणाऱ्या गाडीत हे फार होते.

जे करू नये

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणारे किंवा जाड तार लावणारे लोक अजूनही आहेत. फ्यूज उडतो, कारण कुठेतरी वायर पत्र्याला चिकटते आहे. त्याला बांधून ठेवले तर प्रवाह वायर तापवतो, वरचे आवरण वितळते आणि डॅशबोर्डमागून धूर येतो. पेट्रोलच्या गाडीत पुढचे सांगायला नको.

दिवे मंद म्हणून शंभर वॉटचे बल्ब लावणे हाही तसाच प्रकार. दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर प्रवाह त्या जुन्या स्विचमधून जाऊ लागतो. वाटेतली गळती आणखी वाढते आणि स्विच वितळतो. जुन्या काचेच्या दिव्यात परस्पर एलईडी बसवले तर आतल्या आरशाला त्यांचे गणित जुळत नाही. उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करणे, यात शहाणपण नाही.

खरा उपाय आहे रिले. ही एक छोटी डबी असते. तिच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी, आणि ८५-८६ वर जुन्या स्विचची वायर आणि अर्थ. मग मोठा प्रवाह जवळच्या वाटेने थेट दिव्याला जातो आणि जुना स्विच नुसता इशारा देतो. त्याच्या वाट्याला पाव अँपिअरपेक्षाही कमी येतो. हे काम मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. आजोबांनी त्याच गॅरेजच्या माणसाला बोलावले. त्याने वहीतले आकडे पाहिले, स्वतः दिवा लावून पुन्हा मोजले आणि म्हणाला, “साहेब, आता मीही असंच मोजीन.” त्याने अपर आणि डिपर यांच्यासाठी दोन रिले नीट बसवून दिले. दिव्यावर १२ व्होल्ट आले.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, हेही त्याने नातीला शिकवले. बोटाचा तेलकट डाग तापला की काच फुटण्याची भीती असते. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

दोन्ही बाजू खऱ्या

रात्री मुलाने दिवे लावून पाहिले. या वेळी त्याने अंगणात न पाहता गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. परत आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, “बाबा, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं.” एवढे ऐकण्यासाठी आजोबा तीन महिने थांबले होते. पण ते जिंकल्यासारखे बोलले नाहीत. “अरे, तूही बरोबरच होतास. डॉक्टर काय खोटं सांगतात? वय वाढलं की डोळ्यात उजेड कमी जातो. समोरून गाडी आली की मला पूर्वीसारखं पटकन सावरत नाही.”

हे त्यांनी स्वतः म्हणावे, याला घरात फार महत्त्व होते. गाडीचा दोष शोधला जात नव्हता तोवर सगळा ठपका त्यांच्या डोळ्यांवर येत होता आणि म्हणून ते डोळ्यांबद्दल एक शब्द ऐकून घेत नव्हते. गाडीच्या वाट्याचा दोष गाडीकडे गेला, तेव्हा आपल्या वाट्याचा त्यांना कबूल करता आला. अनेक घरांत म्हाताऱ्या माणसांशी वाद होतात ते असेच. सगळेच त्यांच्या वयावर ढकलले जाते आणि मग खरे असते तेवढेही ते मान्य करत नाहीत.

मग बसून ठरले. गाडी विकायची नाही. नूतनीकरण करायचे. आजोबांनी दिवसा हवी तिथे न्यावी. अंधार पडल्यावर मुलाने चालवावी, आणि नात अठरा वर्षांची होऊन तिला परवाना मिळाला की तिने. स्टिअरिंगवरचा गिअर तिला आजोबांनीच शिकवायचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नात परीक्षेतून मोकळी झाल्यावर करायची, म्हणजे सोबतीला कुणीतरी घरी असेल.

नोंदणीच्या तपासणीत दिवे एका फटक्यात पास झाले. आजींनी अजून रात्रीच्या प्रवासाला होकार दिलेला नाही. पण परवा त्यांनी विचारले, “वाईला सकाळी लवकर निघालो, तर उजेडी परत येता येईल ना हो?” आजोबांनी वहीत निघायची वेळ लिहून ठेवली आहे.